कमी दिवसांचं बाळ घरी येतं तेव्हा : पहिल्या वर्षाची वाटचाल

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेलं बाळ हे कमी दिवसांचं बाळ. पण ३५ आठवड्यांचं बाळ आणि २८ आठवड्यांचं बाळ यांच्या गरजा फार वेगळ्या असतात. म्हणून शेजारच्या घरातल्या बाळाचा अनुभव आपल्याला लागू पडेलच असं नाही. ‘सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही’ हे आजही बाळंतिणीच्या कानावर पडतं. ते साफ चूक आहे. आईच्या पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा फुप्फुसं आणि मेंदू अधिक तयार करतो, त्यामुळे आठव्या महिन्यातलं बाळ सातव्यातल्यापेक्षा सुरक्षितच असतं.

घरी आल्यावर रोजचं काम तीनच गोष्टींचं असतं: ऊब, दूध आणि स्वच्छ हात. बहुतेक घरं हे मन लावून करतात. चुकतं ते दुसरीकडे. बाळ बाळसं धरतं, हसायला लागतं आणि मग ‘आता काय तपासायचं?’ म्हणून पुढच्या तारखा राहून जातात. कमी दिवसांच्या बाळाची डोळ्यांची आणि कानांची इजा वरून दिसत नाही. दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून या लेखात दूध आणि उबेइतकंच वजन तारखांना दिलं आहे.

सुट्टी मिळण्याआधी

साधारणपणे बाळ रोज वजन घेऊ लागलं, काचेच्या उबदार पेटीबाहेर अंगाची ऊब टिकवू लागलं, तोंडानं दूध घेऊ लागलं आणि काही दिवस श्वास थांबण्याचा प्रकार झाला नाही, की डॉक्टर घरी सोडतात. वजन तेव्हा बहुधा पावणेदोन किलोच्या आसपास असतं. बिलाच्या आणि सामानाच्या गडबडीत फाईल न बघता निघू नका. त्यात या गोष्टी लिहिलेल्या आहेत का ते पाहा: जन्म किती आठवड्यांना झाला, जन्मवजन आणि डोक्याचा घेर, ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर किती दिवस लागला, मेंदूच्या सोनोग्राफीचा निकाल, थायरॉईडची (टीएसएच) तपासणी, शेवटचं हिमोग्लोबिन, कोणत्या लसी दिल्या, डोळ्यांची तपासणी झाली का आणि पुढची कधी, कानांची झाली का. टीएसएच पहिल्या आठवड्यात झाली असली तरी कमी दिवसांच्या बाळात ती दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा करतात, कारण पहिला निकाल फसवा असू शकतो.

औषधांचा डोस मिलीमध्ये लिहून घ्या, ‘अर्धा ड्रॉपर’ असा नको. बाटली बदलली की ड्रॉपर बदलतो. परिचारिकेसमोर स्वतः सिरिंजमध्ये डोस भरून दाखवा. श्वास अडकला तर काय करायचं, हेही जाण्याआधी त्यांच्याकडून बाहुलीवर शिकून घ्या. घरातल्या किमान दोघांना ते यायला हवं.

बाळाची दोन वयं

एक जन्मतारखेपासूनचं वय. दुसरं सुधारित वय, म्हणजे जन्मापासूनच्या आठवड्यांतून बाळ जितके आठवडे लवकर आलं तितके वजा केलेले. ४० आठवडे हे पूर्ण धरायचं. बाळ ३० व्या आठवड्यात जन्मलं, तर ते १० आठवडे लवकर आलं. ते सहा महिन्यांचं, म्हणजे २६ आठवड्यांचं झालं, की त्याचं सुधारित वय १६ आठवडे, चार महिन्यांहूनही थोडं कमी. या बाळाकडून बसण्याची अपेक्षा ठेवली तर घरभर उगाच घोर लागतो.

मान धरणं, पालथं पडणं, बसणं, वजन-उंचीचा तक्ता आणि वरचं अन्न या सगळ्याला सुधारित वय लावायचं, ते दोन वर्षांचं होईपर्यंत. लसींना मात्र जन्मतारखेचंच वय. या दोन्हींची अदलाबदल ही सर्रास होणारी चूक आहे. फाईलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: ‘अमुक आठवडे वजा’.

ऊब

कमी दिवसांच्या बाळाच्या कातडीखाली चरबी फार कमी असते आणि त्याला थंडीत कुडकुडून उष्णता तयार करता येत नाही. अंग गार पडलं की ते वजन वाढवण्याऐवजी शक्ती ऊब धरण्यात घालवतं, साखर उतरते, ओढण्याची ताकद जाते. ‘दूध व्यवस्थित देतोय पण वजन हलत नाही’ याचं कारण पुष्कळदा गारठा असतो. डिसेंबर-जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि निफाडकडे तर आणखी खाली जातो. या दोन महिन्यांत घरी आलेल्या बाळासाठी खोलीची तयारी आधीच करा.

बाळाचं तापमान काखेत डिजिटल थर्मामीटर धरून मोजायचं. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस हे ठीक. पहिले काही आठवडे दिवसातून तीनदा मोजा, त्यातलं एक पहाटे, कारण गारठा पहाटेच बाधतो. मधल्या वेळी हात लावून बघा: पोट गरम आणि पाय गरम असले तर चांगलं. पोट गरम पण पाय गार म्हणजे बाळ गारठू लागलंय. दोन्ही गार म्हणजे लगेच छातीशी घ्या आणि दवाखान्याला फोन करा.

खोली २६ ते २८ अंशांवर असावी. मोठ्या माणसाला किंचित उकडेल इतकी. ऑईल हीटर किंवा साधा हीटर चालेल, पण बाळापासून दूर आणि दाराला फट ठेवून. कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही नको. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, आणि त्यानं आई-बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो. रात्री वीज गेली तर? त्याचं उत्तर खाली आहे, आणि त्याला वीज लागत नाही.

ते उत्तर म्हणजे कांगारू पद्धत. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या म्हणून तिथल्या डॉक्टरांनी ती सुरू केली. आज जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास, जमेल तितका वेळ, ती द्यायला सांगते. कृती अशी:

१. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा. अंगठी, बांगड्या, घड्याळ काढा. पुढून उघडणारा गाऊन किंवा शर्ट घाला.

२. बाळाच्या अंगावर फक्त टोपडं, लंगोट किंवा डायपर आणि मोजे. झबलं नको, कातडीला कातडी लागली पाहिजे.

३. बाळाला उभं, आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये ठेवा. हात-पाय बेडकासारखे दुमडलेले, पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागाला टेकलेलं.

४. डोकं एका कुशीला वळलेलं, हनुवटी किंचित वर. मान पुढे दुमडली तर श्वासनलिका दबते आणि फार मागे गेली तरी दबते. नाक-तोंड सतत डोळ्यांसमोर हवं.

५. मऊ सुती साडी किंवा पट्टा बाळाच्या कानापर्यंत घट्ट, पोटाशी सैल बांधा. वरून शाल.

६. पाठ अर्धवट टेकवून बसा किंवा रेला. एकदा घेतलं की निदान एक तास तरी ठेवा. दर दहा मिनिटांनी उचल-ठेव केली तर बाळ दमतं.

वडील, आजी, मावशी, कोणीही हे करू शकतं. अट एवढीच की सर्दी-खोकला, कातडीचा आजार किंवा तंबाखू-सिगारेटचा वास नसावा. बाळ अडीच किलोच्या आसपास गेलं की स्वतःच वळवळून बाहेर यायला बघतं. तेव्हा थांबवायचं.

मार्च ते मे उलट त्रास. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो, आणि कुंची, स्वेटर, दोन दुपटी यांत गुंडाळलेल्या बाळाचं अंग ३८ पर्यंत चढतं. मग ताप समजून धावपळ होते. आपल्या अंगावर जितके कपडे, त्याहून एक थर जास्त, एवढंच. पावसाळ्यात कपडे दमट राहतात. लंगोट-दुपटी इस्त्री करून मगच वापरा.

दूध

श्वास, ओढणं आणि गिळणं हे तिन्ही ताळ्यावर यायला साधारण ३४ आठवडे लागतात. त्याआधीच्या बाळाला नळीनं, नंतर वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं दूध देतात आणि हळूहळू अंगावर घेतात. घरी आल्यावरही बरीच बाळं थोडं अंगावर, थोडं चमच्यानं असं पितात. ते चालतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रडण्याची वाट पाहणं. कमी दिवसांचं बाळ भूक लागली तरी रडत नाही, झोपून राहतं. ‘शांत आहे, छान झोपतं’ असं कौतुक होत राहतं आणि वजन उतरतं. दर दोन ते तीन तासांनी उठवून पाजायचं, रात्रीसुद्धा. उठवण्यासाठी दुपटं काढा, तळव्यांना हलकेच चोळा, लंगोट बदला.

किती द्यायचं? रुग्णालयातून निघताना साधारण दर किलोला दिवसाला १५० ते १८० मिली हा हिशेब असतो. १.८ किलोच्या बाळाला १६० नं गुणलं की दिवसाचे २८८ मिली, दर दोन तासांनी पाजलं तर एका वेळी २४ मिली. वजन वाढलं की आकडा दर आठवड्याला बदला. कित्येक घरांत सुट्टीच्या दिवशी लिहून दिलेला आकडा महिनाभर तसाच चालू राहतो. पूर्ण अंगावर पिणाऱ्या बाळाला मोजमाप नको, दिवसाला सहा किंवा जास्त वेळा शू आणि वाढतं वजन हीच पावती.

दूध काढताना: स्टीलची वाटी दहा मिनिटं उकळून घ्या. स्तनाला हलका गरम शेक द्या, गोल मालीश करा. अंगठा वर आणि बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेजवळ ठेवून आधी छातीकडे दाबा, मग एकमेकांकडे दाबा, सोडा. बोंड ओढू नका. दोन्ही बाजू मिळून वीस ते तीस मिनिटं लागतात. दिवसातून आठ ते दहा वेळा काढायचं, त्यातलं एकदा रात्री, कारण रात्री न काढल्यानं दूध लवकर आटतं. शेवटी येणारं दूध स्निग्ध असतं आणि वजन त्यानंच वाढतं, ते वाटीत राहू देऊ नका. काढलेलं दूध झाकून बाहेर चार तास, उन्हाळ्यात त्याहून कमी ठेवा. फ्रीजमध्ये आतल्या कप्प्यात, दारात नाही, २४ तास. कोमट करायचं तर वाटी गरम पाण्यात ठेवा. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नको. उरलेलं उष्टं दूध परत वापरू नका.

चमच्यानं पाजताना बाळ अर्धवट बसतं, मान हाताच्या आधारावर. चमचा खालच्या ओठाच्या कोपऱ्याला टेकवा, दोन-चार थेंब जाऊ द्या, गिळेपर्यंत थांबा. घशात ओतलं तर दूध फुप्फुसात जातं. ओठांभोवती निळसर झालं, कपाळाला घाम आला, बोटं ताठ पसरली की बाळ सांगतंय, थांब. अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागत असेल तर बाळ दमतंय, डॉक्टरांशी बोला. पाजून झाल्यावर वीस मिनिटं खांद्यावर उभं धरा. थोडी गुळणी होणं साधं, पण हिरवी उलटी झाली की तडक रुग्णालय.

दीड किलोहून कमी वजनाच्या बाळाला आईच्या दुधात मिसळायची पूरक पावडर काही काळ देतात. ती डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच. पावडरच्या दुधाचा डबा लागलाच तर डब्यावर लिहिलेलं पाण्याचं माप तंतोतंत पाळा. बहुतेक डब्यांत ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा असतो. डबा पुरवण्यासाठी दूध पातळ करणं धोक्याचं आहे: बाळ उपाशी राहतं आणि रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. गाईचं दूध, पाणी घातलेलं किंवा बिनपाण्याचं, वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून नको. शेजारणीचं काढलेलं दूधही परस्पर देऊ नका. दुग्धपेढीत दात्या मातांची रक्ततपासणी होते आणि दूध पाश्चराईज होतं. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली अशी पेढी सुरू झाली.

वजन आणि थेंब

आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगानं, दूध पाजण्याआधी. रोज केलं तर शी-शूच्या फरकानं जीव वरखाली होतो. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ चांगली. १०० ग्रॅमच्या खाली गेली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. डोक्याचा घेर दर भेटीत मोजून घ्या. तो फार वेगानं वाढणं किंवा अजिबात न वाढणं, दोन्ही डॉक्टरांना कळायला हवं. ‘वर्षात वजन तिप्पट’ हा नियम या बाळांना लावू नका. सव्वा किलोचं बाळ वर्षात तिपटीहून पुष्कळ पुढे जायला हवं.

ड जीवनसत्त्व रोज ४०० युनिट, वर्षभर. इथे जपा: बाजारात मिलीला ४०० युनिट आणि मिलीला ८०० युनिट अशा दोन्ही बाटल्या मिळतात. दुकानदारानं कंपनी बदलून दिली की लेबल वाचा. लोह रोज दर किलोला २ ते ३ मिलिग्रॅम. जन्मवजनानुसार दोन ते आठ आठवड्यांत कधीतरी सुरू होतं आणि वर्षापर्यंत चालतं. आईच्या पोटातला लोहाचा साठा शेवटच्या तीन महिन्यांत भरतो, आणि या बाळांना तोच काळ मिळालेला नसतो. लोह दिलं की शी काळी होते, घाबरू नका. कॅल्शियमसोबत एकाच वेळी देऊ नका, शोषण कमी होतं.

डोळे: ही तारीख चुकवायची नाही

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पूर्ण व्हायच्या आत बाळ जन्मलं, की त्या वेड्यावाकड्या वाढू शकतात आणि पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. याला आरओपी म्हणतात. वरून डोळे टपोरे, स्वच्छ दिसतात. बाळ आईकडे बघतंय असंही वाटतं. आणि आत नजर जात असते.

भारतात ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा जन्मवजन दोन किलोहून कमी असलेल्या प्रत्येक बाळाची ही तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत करतात. २८ आठवड्यांच्या आतल्या किंवा १२०० ग्रॅमहून कमी बाळाची दोन ते तीन आठवड्यांतच. ३४ ते ३६ आठवड्यांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन, जंतुसंसर्ग किंवा रक्त द्यावं लागलं असेल तर त्याचीही. ही तपासणी चष्म्याच्या नंबरची नव्हे, ती पडद्याचा अनुभव असलेला नेत्रतज्ज्ञच करतो. वेळ घेताना ‘आरओपी तपासणी’ असंच सांगा.

त्या दिवशी पाऊण तास आधी दूध थांबवा, थेंबांनी बाहुली मोठी करतात, तपासताना बाळ रडतं. दुपटं, टोपी, काढलेलं दूध सोबत असू द्या. एकदा ‘ठीक’ आलं म्हणजे संपलं असं नाही. ‘पडद्याची वाढ पूर्ण झाली’ असं लिहून मिळेपर्यंत आठवड्या-दोन आठवड्यांनी जावं लागतं. लेझर किंवा इंजेक्शन सांगितलं तर दोन-तीन दिवसांच्या आत करायचं. ‘सव्वा महिना झाल्यावर नेऊ’, ‘थंडी सरल्यावर नेऊ’ म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे शांतपणे समजावून सांगा आणि त्याच दिवशी निघा. गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेनं पूर्ण परत येत नाही.

आरओपी नसलं तरी या मुलांत तिरळेपणा आणि चष्म्याचं प्रमाण जास्त असतं, म्हणून वर्षाच्या आसपास पुन्हा दाखवा.

कानांचं सूत्र १-३-६: महिन्याच्या आत प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) राहिलेल्या बाळाला नुसती ओएई ही प्राथमिक तपासणी पुरत नाही, कानाची नसही तपासणारी बेरा करून घ्या. ओएई कानाच्या आतल्या भागापर्यंतच बघते, पुढच्या नसेतला दोष तिच्यातून निसटतो.

लसी

जन्मतारखेच्या वयानुसार आणि पूर्ण मात्रेत. ‘अजून बारीक आहे’ म्हणून पुढे ढकलणं उलटं, कारण डांग्या खोकला आणि न्यूमोनिया याच बाळांना जास्त गाठतो. ६, १०, १४ आठवड्यांच्या लसी, नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेला. महापालिकेच्या शहरी आरोग्य केंद्रांत आणि गावात प्राथमिक आरोग्य केंद्रात या मोफत असतात. जन्मवजन दोन किलोच्या आत असेल तर हिपॅटायटिस बीचा जन्माचा डोस मोजणीत धरत नाहीत. तेव्हा पुढचे सगळे डोस झालेत ना ते पाहा. सहा महिन्यांनंतर फ्लूची लस डॉक्टरांना विचारा. घरातल्या मोठ्यांनीही ती घेतली तर बाळाभोवती कुंपण होतं.

घरातल्या रीती

आळीव, मेथी, डिंक बाळंतिणीला खुशाल द्या. पुढच्या काही गोष्टी मात्र या बाळाला नकोतच.

घुटी, मध, सहाणेवर उगाळलेलं वेखंड: वर्षाच्या आत मधातून बोटुलिझमचा धोका, आणि सहाणेवरून जंतू थेट पोटात. काजळात शिसं असू शकतं, तीट कपाळाऐवजी कपड्यावर लावा. नाका-कानात तेल नको, नाकातलं फुप्फुसात उतरतं. ओवा-वावडिंगाची धुरी, उदबत्ती, डासांची कॉईल, चुलीचा धूर यातलं काहीही बाळाच्या खोलीत नको, मच्छरदाणी लावा. बाळाच्या छातीतून दूध पिळून काढणं नको, गळू होतं.

पायांवर घालून दणादण अंघोळ आणि रगडून मालीश दोन-अडीच किलोपर्यंत बंद. तोवर कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडानं एकेक भाग पुसा आणि लगेच झाका. डॉक्टरांनी हो म्हटलं की खोबरेल हलक्या हातानं. मोहरीचं तेल कातडीला झोंबतं. डाळीच्या पिठानं घासू नका.

झोप पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, डोक्याखाली काही नाही. मोहरीची उशी आणि साडीची झोळी दोन्हींत हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो. डोकं लांबट-चपटं दिसतं म्हणून उशीचा आग्रह होतो. त्याला उपाय वेगळा: जागेपणी, आपल्या नजरेसमोर, दिवसातून तीन-चार वेळा दोन-तीन मिनिटं पोटावर ठेवा आणि वेळ हळूहळू वाढवा.

बारसं घरच्या चार माणसांत करा किंवा पुढे ढकला. बाळाला घेण्याआधी प्रत्येकानं हात धुवायचे, मुका घ्यायचा नाही, सर्दी असेल त्यानं दारातूनच बघायचं. हे सांगण्याचं काम आईवर टाकू नका, बाळाच्या वडिलांनी किंवा आजीनं सांगावं.

कधी धावायचं

मिनिटाला ६० हून जास्त श्वास (बाळ शांत असताना पूर्ण मिनिट मोजा), श्वास घेताना छातीत खड्डा, कण्हणं, ओठ-जीभ निळी, २० सेकंद श्वास थांबणं, दोन वेळा लागोपाठ दूध न घेणं, मलूल पडणं, झटके, तळहात-तळपाय पिवळे, फुगलेलं पोट, शीमधून रक्त, ताप किंवा गारठा जो छातीशी घेऊन तासाभरात हटत नाही. जांघेत गाठ येणं या मुलांत, विशेषतः मुलग्यांत, बरंच आढळतं. ती मऊ असेल तर डॉक्टरांना दाखवा, कडक-लाल होऊन बाळ किंचाळत असेल तर त्याच क्षणी निघा.

श्वास थांबला तर तळवे आणि पाठ चोळा. नाही आला तर शिकवल्याप्रमाणे तोंडानं श्वास द्या आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा. गाडीत बाळ छातीशी उभं, दुचाकीवर नाही. रुग्णालयात जायचे दोन रस्ते ठाऊक असू द्या. नाशिकच्या पंचवटी-रामकुंड भागात पर्वणीला रस्ते वळवतात, आणि २०२७ च्या सिंहस्थात तर ही अडचण मोठीच असेल. मुंबईला तपासणीला जायचं झालं तर कसारा घाटाच्या प्रवासात दर तासाभरानं थांबून बाळाला सपाट निजवा. कार-सीटसारख्या बसत्या खुर्चीत फार वेळ राहिलं की या बाळांचा ऑक्सिजन उतरू शकतो.

उष्टावण

सुधारित वय सहा महिने, आणि मान स्थिर, आधारानं बसणं, चमचा बघून तोंड उघडणं ही लक्षणं दिसली की सुरू करा. चार महिन्यांत सुरू केलं तर वजन लवकर भरेल असं वाटतं. दिल्लीत कमी दिवसांच्या बाळांवर झालेल्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही, उलट लवकर सुरू केलेल्या बाळांना रुग्णालयात जास्त वेळा दाखल करावं लागलं.

पहिल्या आठवड्यात दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे. नाचणीचं सत्त्व, मऊ वरणभात-तूप, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा-गाजर. चमच्यावरून घरंगळणार नाही इतकं घट्ट असावं. पाणीदार पेजेनं पोट भरतं, वजन नाही. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी तीन-चार वेळा, डाळ आणि तूप वाढवत, चालत असेल तर अंड्यासह. द्राक्षांच्या हंगामात घराघरांत घड असतात, पण अख्खं द्राक्ष, शेंगदाणा, फुटाणे बाळाच्या हाती पडू देऊ नका, घशात अडकतं. बागेत फवारणी करून आलेल्यांनी अंघोळ करून, कपडे बदलूनच बाळाला घ्यावं.

वाढीच्या खुणा

सगळं सुधारित वयानं: दोन महिन्यांना ओळखून हसणं, चारपर्यंत मान, सहाच्या आसपास पालथं पडणं, आठ-नऊला आधाराशिवाय बसणं, बारा ते पंधरा महिन्यांत पाऊल. एखादा महिना पुढेमागे चालतो. न चालणाऱ्या गोष्टी अशा: तीन महिन्यांनंतरही अंगठा आत घेऊन मूठ घट्ट, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे ताठ, कमरेतून धनुष्यासारखं मागे वळणं, वर्षाच्या आत एकाच हाताचा वापर, आवाजाकडे न वळणं. यासाठी फिजिओथेरपी जितकी लवकर तितका फायदा, कारण पहिल्या वर्षात मेंदू नवे मार्ग घडवू शकतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर लवकर हस्तक्षेप केंद्रं (डीईआयसी) आहेत. जिल्हा शासकीय रुग्णालयात चौकशी करा. वॉकर आणू नका. त्यात मूल टाचा उचलून चालतं आणि ताठ पाय आणखी ताठ होतात.

रजा, खर्च आणि आई

मातृत्व लाभाच्या कायद्यात २६ आठवड्यांच्या रजेशिवाय, मुदतपूर्व प्रसूतीमुळे उद्भवलेल्या आजारासाठी वैद्यकीय दाखल्यावर आणखी एक महिन्यापर्यंत भरपगारी रजेची तरतूद आहे. नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या, कामगार विमा (ईएसआय) असलेल्या बायकांनाही तसंच. मागितल्याशिवाय ती सहसा मिळत नाही. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाला वर्षापर्यंत शासकीय रुग्णालयात उपचार आणि ने-आण मोफत आहे. खासगीत दाखल असेल तर महात्मा फुले योजनेत बसतं का, हे आरोग्यमित्राला दाखल करतानाच विचारा, बिल झाल्यावर नाही. आशाताईंना बाळ कमी दिवसांचं आहे हे सांगून ठेवा. त्यांच्या ठरलेल्या घरभेटींत वजन आणि लक्षणं बघितली जातात.

आईला सतत रडू येणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, ‘माझ्यामुळेच झालं’ हे मनातून न जाणं, दोन आठवड्यांहून जास्त टिकलं तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहे. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं. रात्रीचं एक दूध दुसऱ्या कोणी चमच्यानं पाजलं आणि आईला सलग चार-पाच तास झोप मिळाली, तर दुधावर आणि मनावर दोन्हींवर फरक दिसतो.

वर्षाची भेट

सुधारित वय बारा महिने झालं की बालरोगतज्ज्ञांकडे एक लांबलचक भेट ठरवा: वजन, लांबी, डोक्याचा घेर, हिमोग्लोबिन, विकासाची पद्धतशीर चाचणी, चष्म्याचा नंबर, गरज असल्यास पुन्हा बेरा. लोह आणि ड जीवनसत्त्व चालू ठेवायचं की थांबवायचं, तेही तिथेच ठरतं. पुढची तारीख सुधारित १८ महिन्यांची, तेव्हा बोलणं आणि वागणं तपासतात. फाईल सांभाळून ठेवा, शाळेत जाईपर्यंत ती लागते.